वय झालें

इस्पितळाच्या खिडकीशीं बसलेल्या मुलीनें मान वर न करतां विचारलें, "वय?"

मामांनीं काठी एका हातांतून दुसऱ्या हातांत घेतली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लिहा, झालें."

"किती झालें, आजोबा?"

"तेंच सांगतों. झालें."

ती हंसली; मीहि हंसलों, आणि शहात्तर हा आंकडा मींच सांगितला. पण पुढें बांकावर जाऊन बसल्यावर तें अर्धें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना. मराठींत मुंजीचें वय होतें, लग्नाचें वय होतें, नोकरीचें वय उलटतें. पण नुसतें 'वय झालें' म्हटलें म्हणजे त्यापुढें आंकडा लागत नाहीं, कारण लागत नाहीं आणि उत्तरहि लागत नाहीं. दांत पडला, वय झालें. नांव आठवेना, वय झालें. जिना चढतांना दम लागला, वय झालें. आमच्या घरांत गेल्या सहा महिन्यांत या दोन शब्दांनीं काय काय केलें त्याचा हिशेब मांडावा, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहें. त्या हिशेबांत कांहीं रकमा माझ्या नांवावर आहेत. त्या मी गाळणार नाहीं.

मामा सिन्नरचे. नाशकापासून तीस किलोमीटरांवरचें हें गांव आज कारखान्यांचें झालें असलें, तरी माझ्या लहानपणीं तें विड्यांचें गांव होतें. ओसरीवर मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळीत बसलेल्या बायका मीं तेथें आळीआळींतून पाहिल्या आहेत. मामा अशाच एका विडीच्या कारखान्यांत हिशेबनीस होते. विड्या मोजतां मोजतां ते ओढूं लागले; चाळीस वर्षें त्यांनीं त्या ओढल्या, आणि साठाव्या वर्षीं नोकरीबरोबर विडीहि सोडली. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. पहांटे उठावें, गोंदेश्वराच्या देवळापर्यंत चालत जावें, परत येतांना पेठेंत दोघांचौघांशीं वाद घालावा आणि घरीं येऊन चहा प्यावा, असा त्यांचा सोळा वर्षांचा क्रम.

चैत्रांत एके सकाळीं त्यांना लघवी तांबडी झाली. दुखलें नाहीं, खुपलें नाहीं. मामी म्हणाली, उन्हाळी लागली असेल. मग वाळ्याचें पाणी झालें, सब्जा झाला, धने-जिरे भिजत पडले, आणि तीन दिवसांत रंग निवळला. औषधास यश आलें अशी सर्वांची खात्री पटली. या रोगाचा कावा असा कीं त्यांत रक्त येतें, बहुधा दुखत नाहीं, आणि आपोआप थांबतें. म्हणजे त्या वेळीं जो उपाय चालूं असेल त्याला श्रेय मिळतें. ज्येष्ठांत पुन्हां तेंच झालें, तेव्हां एका डॉक्टरांना दाखविलें. ते म्हणाले, या वयांत प्रोस्टेट वाढायचेंच, आणि गोळ्या लिहून दिल्या. मला फोन आला तेव्हां मीहि तेंच बोललों: "मामा, वय झालें आतां, हें असें चालायचेंच." श्रावणांत रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी अडली, तेव्हां त्यांना नाशकास आणलें, दुर्बिणींतून पाहिलें, आणि मूत्राशयांत गांठ सांपडली. चैत्र ते श्रावण हे चार महिने त्या दोन शब्दांनीं खाल्ले.

त्या दिवशीं बांकावर माझ्या पलीकडे एक तरुण बसला होता. त्यानें ओळख दिली तेव्हां लक्षांत आलें कीं हा माझाच विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वीं पदवी घेऊन गेलेला, तेवीस-चोवीस वर्षांचा, सुपारीच्या खांडाचेंहि व्यसन नसलेला.

"कोणाबरोबर आलास?" मीं विचारलें.

"माझाच कागद न्यायला आलों आहें, सर."

त्यालाहि लघवींतून रक्त गेलें होतें. त्याला सांगण्यांत आलें कीं या वयांत दुसरें काय असणार, मुतखडा असेल, पाणी भरपूर पी. आठ महिने तो पाणी पीत राहिला. शेवटीं कोणीतरी दुर्बीण घातली तेव्हां देंठाला शेवाळाचें फूल लोंबावें तशी एक लहानशी गांठ निघाली. ती काढून टाकली होती. सौम्य जातीची आहे, असें तपासणीच्या कागदावर लिहिलें होतें. त्यानें कागदावरचें रोगाचें नांव वाचलें, मामांच्या हातांतल्या कागदावरचें वाचलें, आणि मला विचारलें, "सर, दोघांचा रोग एकच का?"

तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यानें उत्तर माहीत नसतांहि कांहीं तरी बोलण्याची एक कला अंगीं येते. त्या दिवशीं ती उपयोगीं पडली नाहीं. वयामुळें एकाचा रोग चार महिने झांकला गेला. वयामुळेंच दुसऱ्याचा आठ महिने झांकला गेला. एकाला वय झालें होतें म्हणून, दुसऱ्याला झालें नव्हतें म्हणून. पण रोगाच्या दृष्टीनें या वयाला कांहीं अर्थ असतो कीं नाहीं, हा त्या मुलाचा प्रश्न होता. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. जीवशास्त्राशीं माझा संबंध शाळेंतच सुटला. तरी पुढचे कांहीं आठवडे मीं मिळेल तें वाचून काढलें, समजलें नाहीं तें डॉक्टर झालेल्या जुन्या मित्रांना विचारलें, आणि जें हातीं लागलें तें आपल्या समजुतीच्या भाषेंत लावून घेतलें.

हा रोग मुख्यतः उतारवयाचा, यांत शंका नाहीं. दहांपैकीं नऊ रोगी पंचावन्नाच्या पुढचे असतात. अमेरिकेंत रोग उघडकीस येण्याचें मध्यम वय ७३ आहे. स्त्रियांपेक्षां पुरुषांत तो तिपटी-चौपटीनें अधिक. आपल्याकडे मुंबईस १९६३ सालीं कर्करोगाची देशांतली पहिली लोकसंख्यावार नोंदणी सुरूं झाली, आणि खेड्यांसाठीं पहिली बार्शीस १९८७ सालीं. अशा नोंदवह्यांत रोग्याच्या वयाचा रकाना असतोच, आणि आपल्या खेड्यांत तो भरणें सोपें नाहीं. म्हातारीला वय विचारावें तर ती बहात्तरच्या दुष्काळांत थोरला केवढा होता तें सांगते. पुढचें गणित विचारणारानें करावयाचें.

या रकान्यांतून निघणारें एक गणित मात्र विलक्षण आहे. १९५४ सालीं आर्मिटेज आणि डॉल या दोघां इंग्रज संशोधकांनीं दाखविलें कीं पुष्कळ कर्करोगांचें प्रमाण वयाच्या सुमारें सहाव्या घाताच्या मानानें चढतें. वय दुप्पट झालें म्हणून धोका दुप्पट होत नाहीं. दोनाचा सहावा घात चौसष्ट, म्हणून तो चौसष्टपट होतो. यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं रोग एका घावानें होत नाहीं. एकाच पेशीच्या वंशांत सहा-सात निरनिराळे बदल एकामागून एक घडावे लागतात, आणि इतके योग जुळून येण्यास आयुष्य खर्चीं पडतें. त्या वेळीं हे बदल कोणीहि डोळ्यांनीं पाहिले नव्हते.

हें वाचीत असतां मला आमच्या घरची पोथी आठवली. पणजोबांनीं स्वहस्तें नकललेली ती ज्ञानेश्वरी आहे. अक्षर वळणदार, पण कोठें काना सुटला आहे, कोठें एक ओळ दोनदां आली आहे, आणि एके ठिकाणीं, बहुधा दिव्यांतलें तेल संपत आलें असावें, अख्खी ओवीच गळाली आहे. पणजोबांनीं ज्या पोथीवरून उतरून घेतलें तिच्यांतहि चुका असतील. त्या त्यांनीं इमानानें उतरल्या आणि आपल्या चार घातल्या. मूळ ग्रंथ शके १२१२ मधला. पैठणास, म्हणजे आमच्याच गोदेच्या कांठीं, एकनाथांनीं त्याची पाठशुद्धि केली ती शके १५०६ मध्यें. मधल्या तीनशें वर्षांत ग्रंथ हातोहात नकलला गेला, आणि नकलणारे सगळेच सावध नव्हते, म्हणून नाथांना तो उद्योग करावा लागला.

पेशीची गोष्ट याहून निराळी नाहीं. प्रत्येक पेशींत सुमारें तीनशें कोटि अक्षरांची पोथी असते, तिच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती. वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची, आणि तीन तीन अक्षरांचा एकेक शब्द. पेशी दुभंगतांना ही सबंध पोथी नकलली जाते. नकलणारा आश्चर्य वाटावें इतका सावध असतो, शिवाय मागून चुका दुरुस्त करणारे शोधकहि असतात. या दुरुस्तीच्या रीति उलगडणाऱ्या तिघांना २०१५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तरी एखादें अक्षर सुटतें. पुढची नक्कल या प्रतीवरून होते, म्हणून तें कायमचें सुटतें. तेव्हां शरीराचें वय म्हणजे पंचांगाचीं वर्षें नव्हेत. पोथी कितीदां नकलली गेली, आणि नकलतांना दिव्याशीं किती धूर होता, याचा तो हिशेब आहे.

असा अक्षरदोष माणसाच्या कर्करोगांत पहिल्यानें नेमका दाखविला गेला तो मूत्राशयाच्याच गांठींत, हें मला ठाऊक नव्हतें. १९८२ सालीं अमेरिकेंतल्या तीन निरनिराळ्या गटांनीं, ज्यांतल्या एका शोधनिबंधाचे पहिले लेखक भारतांतून तिकडे गेलेले ई. प्रेमकुमार रेड्डी होते, असें सिद्ध केलें कीं रास नांवाच्या एका जनुकांत बाराव्या शब्दाचें दुसरें अक्षर बदललेलें आहे. सगळ्या जनुकांत फरक तेवढाच. यांतली एक पेशीमालिका स्वीडनमधल्या ऐंशी वर्षें ओलांडलेल्या एका बाईच्या गांठींतून आलेली होती. बाई गेली, तिच्या पोथींतलें तें एक अक्षर आज जगांतल्या प्रयोगशाळांत वाचलें जातें. त्या एका अक्षरानें उंदराच्या पेशींना कर्करोगाचें वळण लागलें, परंतु त्या पेशी आधींच अर्ध्या बिघडलेल्या होत्या. निरोगी पेशीला एक चूक पुरत नाहीं. म्हणजे आर्मिटेज-डॉल यांचें जुनें गणितच खरें ठरलें.

विडीचा धूर छातींत जातो, मग मूत्राशयाचा काय अपराध, असा प्रश्न मामांनीं मला विचारला होता. धुरांतलीं कांहीं विषारी द्रव्यें रक्तांत मिसळतात, मूत्रपिंडें तीं गाळून काढतात, आणि मग तीं मूत्राशयांत तासन्‌तास सांठून अस्तराला भिजवीत राहतात. त्याच जातीचीं द्रव्यें रंगाच्या कारखान्यांतहि असत. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्यानें १८९५ सालींच तेथील रंगकामगारांत या रोगाच्या गांठी दाखविल्या होत्या. मूत्राशयाचें अस्तर एरवीं सावकाश बदलतें. पण त्याला इजा झाली कीं तें झपाट्यानें नवें होतें, आणि झपाट्याची नक्कल ती. त्यांतच आणखी एक घरभेदी असतो. विषाणूंचे लेख फाडून टाकण्यासाठीं अपोबेक नांवाचे पहारेकरी पेशीनें बाळगलेले असतात. ते कधीं कधीं घरच्याच पोथीवर शाई ओततात. या रोगाच्या खोल गेलेल्या गांठींत जे हजारों अक्षरदोष आढळतात, त्यांतले बहुसंख्य या पहारेकऱ्यांच्या हातचे, असें आतां दिसून आलें आहे.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २०२० सालीं केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधून प्रसिद्ध झाली. ज्यांना कर्करोग नव्हता अशा माणसांच्या मूत्राशयाचें अस्तर तेथील संशोधकांनीं कणाकणानें तपासलें. मध्यम वय उलटलेल्या निरोगी माणसांतहि तें बदललेल्या पेशींच्या लहान लहान वसाहतींनीं भरलेलें निघालें; रोगाला साह्य करणारे कांहीं दोषहि त्यांत होते. मी छपन्न वर्षांचा आहें. कॉलेजांत असतांना पांच-सहा वर्षें सिगारेट ओढलेला आहें. तें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि कांहीं वेळ अंगणांत जाऊन उभा राहिलों. त्या बांकावर एका बाजूला मामा होते, एका बाजूला तो मुलगा होता, आणि मध्यें मी निरोगी म्हणून बसलों होतों. माझी पोथी त्या दोघांच्या मधल्या पानावर उघडी आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आतां त्या मुलाचा प्रश्न. या रोगाच्या दोन वाटा सांगतात. एका वाटेवरच्या गांठी देंठाच्या, फुलासारख्या, वारंवार उगवणाऱ्या पण सहसा खोल न जाणाऱ्या. त्यांत एफ्‌जीएफ्‌आर-३ या जनुकाचा दोष पुष्कळदां सांपडतो. दुसऱ्या वाटेवरच्या चपट्या, भडक आणि खोल मुळें धरणाऱ्या; त्यांत टीपी-५३ हें रखवालदार जनुक बिघडलेलें असतें. नवव्या गुणसूत्राचा तुकडा हरवणें आणि टर्ट या जनुकाच्या आरंभींचा दोष हे दोन्हीकडे नित्याचे. परंतु विशीच्या आंतल्या रोग्यांच्या गांठी जेव्हां तपासल्या गेल्या, तेव्हां नववें गुणसूत्र बहुधा शाबूत निघालें, आणि वृद्धांत घरोघर आढळणारे हे दोष त्यांत क्वचितच दिसले. नांव तेंच, सूक्ष्मदर्शकाखालचें रूपहि जवळपास तेंच, पण आंतला पाठ निराळा. विशीनंतर वय जसजसें चढतें तसतसा तो वृद्धांच्या पाठाकडे झुकत जातो. या मुलांच्या गांठी बहुधा एकट्या, सौम्य आणि पुन्हां न उगवणाऱ्या असतात, हेंहि अनुभवास आलें आहे.

मीं त्याला फोन करून सांगितलें, "रोगाचें नांव एक आहे, पण पोथी एक नाहीं. तुझी गांठ या दोहोंच्या सीमेवरच्या वयांतली आहे. लक्षण चांगलें आहे, तरी तपासण्या चुकवूं नकोस." कारण याची दुसरी बाजूहि मीं वाचली होती. गांठ एकदां खोल गेली म्हणजे तारुण्य कोणाला वांचवीत नाहीं. तरुणांत गांठी सौम्य असतात म्हणून ते तरतात, तरुण असतात म्हणून नव्हे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, माझ्या वयाकडे पाहूनच सगळे निश्चिंत राहिले, गांठीकडे कोणीं पाहिलें नाहीं." वर्गांत त्यानें इतकें नेमकें उत्तर मला कधीं दिलें नव्हतें.

मामांची गांठ दुसऱ्या वाटेची निघाली: भडक जातीची, पण स्नायूंत न शिरलेली. दोनदां खरवडून काढल्यावर डॉक्टरांनीं बी.सी.जी.चा उपचार सुचविला. आठवड्यांतून एकदां, असे सहा आठवडे. मग पुन्हां दुर्बीण. घरीं बैठक बसली. पुण्याहून आलेला मामेभाऊ म्हणाला, "या वयांत कशाला त्यांचे हाल?" मामी रडूं लागली. मामा म्हणाले, "पिकलें पान." आणि मीं मान डोलावली.

ती मान कां डोलावली, तें येथें लिहिलें पाहिजे. वर दयाबुद्धि होती. पण तिच्याखालीं सहा बुधवार होते. सहा बुधवार मला गाडी काढून सिन्नरला जावें लागणार, मामांना आणावें लागणार, परत पोंचवावें लागणार, आणि परीक्षेचे पेपर तपासावयाचे पडले होते. 'वय झालें' हें वाक्य म्हाताऱ्याच्या समाधानासाठीं म्हणून उच्चारलें जातें. पुष्कळदां तें भोंवतालच्यांच्या सोयीचें असतें. तें बोलतांना माणूस दुष्ट नसतो, दमलेला असतो. परंतु ज्याच्याविषयीं तें बोललें जातें त्याला या फरकाचा उपयोग नाहीं.

नको म्हणून सांगायलाच आम्हीं पुढच्या भेटीला गेलों. डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशींतल्या. मामेभावाचें ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "वय कागदावर आहेच. तें मला पुरत नाहीं. आजोबा, जरा त्या दारापर्यंत चालून दाखवितां का?" मामा उठले आणि काठी खुर्चीला टेकवून चालूं लागले.

"काठी राहिली," बाई म्हणाल्या.

"ती कुत्र्यांसाठीं आहे," मामा म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन ताठ परत आले. बाईंनीं घड्याळाकडे पाहिलें. मग त्यांनीं वजन विचारलें, झोंप विचारली, औषधांच्या गोळ्या पाहिल्या, सिन्नरच्या भाजीबाजाराचे भाव विचारून त्यांची स्मरणशक्ति पारखली. शेवटीं म्हणाल्या, "गांठीचें वय एक असतें आणि माणसाचें एक. यांची गांठ वाईट आहे. माणूस चांगला आहे. आजोबा, तुमचें काय म्हणणें?"

तोंवर हें आम्हीं कोणीं त्यांना विचारलें नव्हतें. पिकलें पान म्हणाले होते तेवढेंच आम्हांला सोयीस्करपणें ऐकूं आलें होतें.

मामा म्हणाले, "नातीचें लग्न मार्गशीर्षांत आहे. तोंवर तर बघाच. पुढेंहि जमलें तर माझी ना नाहीं."

बी.सी.जी. म्हणजे क्षयाची तीच लस, जिचा वण माझ्या डाव्या दंडावर आहे आणि आपल्याकडे जन्मल्यावर लौकरच प्रत्येक मुलाला टोंचतात. तिचीहि कथा नकलण्याचीच आहे. १९०८ सालीं फ्रान्समध्यें लील येथें काल्मेत आणि गेरँ या दोघांनीं गाईच्या क्षयाचा जंतु घेतला आणि तो बटाट्याच्या खाद्यावर पुनः पुनः वाढवीत राहिले. तेरा वर्षांत सुमारें २३० वेळां त्यांनीं त्याची नवी पिढी काढली. या नकलांत जंतूच्या पोथींतलें एक पान गळालें, आणि त्याबरोबर त्याचा दंश गेला. १९२१ सालीं तो पहिल्यानें एका अर्भकाला दिला गेला. पुढें १९७६ सालीं कॅनडामधले अल्वारो मोरालेस यांनीं हाच जंतु मूत्राशयांत सोडून दाखविला. तो आंत गेला कीं शरीराचे शिपाई जागे होतात आणि जंतूबरोबर गांठीच्या उरल्यासुरल्या पेशींवरहि तुटून पडतात. म्हाताऱ्यांत हे शिपाई कांहींसे मंद असतात, त्यामुळें गुण थोडा कमी येतो असें कांहीं अभ्यासांत दिसलें आहे, पण येतो. हें औषध पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्येंहि तयार होतें.

नकलण्यानें मामांना रोग दिला आणि नकलण्यानेंच औषध दिलें, हें मला फार विचित्र वाटलें, आणि तें मीं मामांना गाडींत सांगितलें. त्यांनीं सबंध ऐकून घेतलें. त्याच आठवड्यांत आमच्या पुतणीला मुलगा झाला होता व त्यालाहि ती लस टोंचली होती. मामा म्हणाले, "म्हणजे तो चिमुरडा आणि मी एकाच औषधाचे. त्याला मात्र दोन तास लघवी धरून ठेवायला कोणी सांगितलें नसेल."

ते दोन तास अवघड असत. औषध आंत सोडलें कीं तें दोन तास ठेवावयाचें, दर पंधरा मिनिटांनीं कूस बदलावयाची. डाव्या कुशीवर मामा कारखान्यांतल्या गोष्टी सांगत, उजव्या कुशीवर त्या कारखान्याचे हिशेब. एका बुधवारीं त्यांना थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या एका बुधवारीं जळजळ इतकी झाली कीं ते एक शब्द बोलले नाहींत. मी शेजारीं बसून पेपर तपाशीत असें. मामा कितवी कूस झाली तें विचारीत, आणि मी घड्याळ पाहून सांगत असें. या सहा बुधवारांपूर्वीं मीं त्यांच्याजवळ सलग दोन तास केव्हां बसलों होतों, तें मला आठवत नाहीं.

पुढच्या महिन्यांत दुर्बीण आहे. ती काय दाखवील तें आज कोणालाच सांगतां येणार नाहीं. गांठ पुन्हां उगवली तर पुढचे निर्णय याहून अवघड आहेत, हें मामांनाहि माहीत आहे. त्यांनीं मला एवढेंच बजावलें आहे कीं जें काय निघेल तें आधीं त्यांना सांगावयाचें, मग बैठक बसवावयाची.

सहाव्या बुधवारीं खिडकीशीं तीच मुलगी होती. तिनें कागद पुढें ओढला आणि मान वर न करतां विचारलें, "वय?"

मी तोंड उघडणार तोंच मामांनीं काठीनें मला बाजूला सारलें.

"शहात्तर," ते म्हणाले, "कार्तिकांत सत्याहत्तर पुरीं होतील. नीट लिहा."